ओल्या कातड्याची विजार

माश्या फक्त उजव्या मांडीवर बसत होत्या.

मैदानात पथकाचे एकशेवीस स्वार दोन रांगांत घोड्यांवर ताटकळत होते. उद्या जनरलसाहेब पाहणीला येणार, म्हणून आज ही शेवटची रंगीत तालीम. काळी चिलखतं, काळे घोडे, पांढरे कोट, पांढऱ्या कातडी विजारी. माश्यांना खरं तर एवढी घोड्यांची अंगं मोकळी होती. पण पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला जो स्वार होता, त्याच्या मांडीवर, गुडघ्याच्या वीतभर वर, त्या येऊन बसत, घोड्यानं शेपूट झाडली की उडत आणि पुन्हा तिथंच परतत. पाण्याच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या अर्खीप लुझगिनला जे कळायचं ते कळलं. माणूस दुखणं लपवतो. माशीला ते लपवता येत नाही.

अर्खीप पथकाचा फेल्डशर होता. डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या हाताखाली शिकून नश्तर चालवणारा, पट्ट्या बांधणारा शिपाई. चिलखती घोडदळात त्याची एकोणीस वर्षं गेली होती; जमादारापासून सगळे त्याला काका म्हणत. बोरोदिनोच्या लढाईच्या दिवशी त्यानं संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांचे पाय धरून ठेवले होते, डॉक्टर करवत चालवत असताना. लाइपझिगला पुन्हा तेच. रक्ताची त्याला किळस नव्हती. लढाईतली जखम त्याला समजत होती: लोखंड आलं, मांस फाटलं. आता बोनापार्ट कैदेच्या बेटावरून निसटल्याची बातमी होती, पलटण पश्चिमेला कूच करणार होती, आणि कूच करण्याआधी जनरलसाहेबांना रांग बघायची होती. गेल्या दहा दिवसांत चार तालमी झाल्या होत्या. शत्रू तीन राज्यं पलीकडे होता, आणि अर्खीपच्या पट्ट्या संपत आल्या होत्या.

उजव्या टोकाचा तो स्वार म्हणजे सव्वाती कोलोबीखिन. पथकातला सगळ्यात उंच माणूस. दारातून जाताना शिरस्त्राण काढून वर आणखी मान वाकवावी लागे. रांग त्याच्यापासून सुरू व्हायची. प्रत्येकानं मान उजवीकडे वळवून चौथ्या माणसाची छाती बघायची आणि आपली छाती त्या रेषेत आणायची; अशा साठ छात्या, आणि पहिली सव्वातीची. अकरा वर्षं तो त्या जागेवर होता. त्याच्या डावीकडचे सात जण या काळात मातीत गेले होते. सव्वाती हलला नव्हता.

तालीम सुटल्यावर अर्खीपनं त्याला गावाच्या कडेच्या न्हाणीघरात नेलं.

"विजार उतरव."

"काका, उद्यानंतर बघू."

"उतरव म्हणतो ना!"

"उतरेल तर उतरवीन. वाळून लाकूड झालीये."

ते खरंच होतं. एल्क हरणाच्या कातड्याच्या या विजारी ओल्या करून अंगावर चढवायच्या आणि अंगावरच वाळवायच्या, म्हणजे मांडीवर एक सुरकुती राहत नाही, अशी चाल होती. आत दुसरं काही घालायचं नाही; घातलं की वळ दिसतो. काढतानाही पुन्हा भिजवायची. अर्खीपनं कोमट पाण्याच्या पाच-सहा बादल्या ओतल्या, अर्धा तास थांबला, आणि मग कमरेपासून खाली ते कातडं बोटाबोटानं सोलत आणलं.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला काळ्या पावाचा लगदा थापलेला होता. चावलेला पाव, मीठ आणि कोळ्याचं जाळं. त्यावर हिरवट बुरशी धरली होती. लगदा निघाला तशी न्हाणीघरात अशी घाण सुटली की अर्खीपनं पायानं दार ढकलून उघडं केलं.

"हे कुणी लावलं?"

"तेरेन्ती पांक्रातिचनं. त्याच्या आजीचं औषध आहे म्हणे."

"चावलं कुणी?"

"त्यानंच."

तेरेन्ती पांक्रातिच पथकाचा जमादार. त्याच्या तोंडात सहा दात होते, आणि त्यांची अवस्था अर्खीपला चांगली ठाऊक होती. लगद्याखाली गळू होतं. त्यानं गळवाच्या दोन बाजूंना दोन बोटं ठेवून आलटून पालटून दाबलं. आत पू डुलत होता. गळू कोंबडीच्या अंड्याएवढं होतं आणि भोवतीची लाली तळहाताएवढी.

"आत्ता फोडतो. मग दहा दिवस पाठीवर, पेंढ्यात."

"फोडलंस तर उद्या विजार चढेल?"

"नाही."

"मग नको."

"पाय जाईल, सव्वाती."

"घोड्याला चार आहेत. स्वाराला बसायला ढुंगण पुरतं." सव्वाती हसला, पण अर्खीपची बोटं अजून मांडीवर होती, आणि ते हसू मधेच तुटलं.

"एक दिवस प्रोखोर उभा राहील तुझ्या जागी."

"प्रोखोर? तो माझ्या कानाला लागतो! आणि बसतो कसा, बघितलंस ना? गोणी बांधल्यासारखा. नको, काका. फोडायचं तर उद्या संध्याकाळी फोड. पळून जातोय का मी?"

अर्खीप तसाच कप्तानाकडे गेला. कप्तान श्टेबेल दयाळू माणूस आहे असं पथकात म्हणत, कारण तो स्वतःच्या हातानं कुणाला मारत नसे. तो खिडकीशी कॉफी पीत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"किती दिवस लागतील?"

"दहा, हुजूर."

"परवापासून दहा घे. वीस घे. मी नाही म्हणणार नाही."

"पण उद्याच तो सहा-सात तास त्या कातड्यात बसला, तर..."

"लुझगिन, माझ्या पथकात आजारी किती?"

"एक, हुजूर."

"एकही नाही." कप्तानानं पेला खाली ठेवला. आवाज चढला नव्हता. "कागद सकाळीच गेला. जनरलसाहेबांना आजाऱ्यांची यादी आवडत नाही. त्यांना वाटतं, आजारी म्हणजे अधिकाऱ्याचं लक्ष नाही. आणि कोलोबीखिन नसेल तर माझी रांग कुठून सुरू होणार, सांग? तुझ्यापासून?"

सकाळी धान्याच्या कोठारात विजारी चढवायला सुरुवात झाली. टबांतून कातडी बाहेर निघत होती, पिळली जात होती, आतून साबण चोळला जात होता. एकेका स्वारानं पाय घालायचे, दोघांनी दोन बाजूंनी कमरपट्टी धरून त्याला जमिनीवरून उचलायचं आणि हिसके द्यायचे, तो तळापर्यंत उतरेपर्यंत.

"एक, दोन, हिसका!"

"अरे हळू! गोणीत ओट भरतोयस की माणूस?"

"ओट बरे. ते बोंबलत नाहीत."

"माझं काही आत राहिलं तर बायकोला तू जाऊन सांग."

"तिला कळायचंही नाही, मित्या."

कोठारभर हशा. ओल्या कातड्याचा, साबणाचा आणि शंभर उघड्या माणसांच्या घामाचा वास एकत्र आला होता. सव्वातीची पाळी आली तेव्हा तेरेन्ती पांक्रातिचनं अर्खीपला हाक मारली.

"काका, तू धर. तुझ्या हाताला जोर आहे. मला एकट्याला हा डोंगर उचलायचा नाही."

अर्खीपनं गळवावर चरबी लावलेल्या कापडाची घडी ठेवली होती. जमादारानं ती बघितली, दोन बोटांत धरून उपटली आणि फेकून दिली.

"वळ दिसेल," तो म्हणाला.

अर्खीपनं धरलं. त्यानं का धरलं, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षं तो हुकूम आला की धरत आला होता. एक, दोन, हिसका. सव्वाती ओरडला नाही. तिसऱ्या हिसक्याला फक्त त्याचे ओठ पांढरे पडले, आणि त्याच्या हाताची पाच बोटं अर्खीपच्या खांद्यात रुतली. मग जमादारानं ब्रशनं त्याच्या दोन्ही मांड्यांवर खडूचा पातळ लेप दिला. आता वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही, गुडघा वाकवायचा नाही. भट्टीभोवती शंभर माणसं पाय फाकवून उभी राहिली. तशा उभ्यानंच त्यांच्या मिशांना काजळी, मेण आणि चरबीचं काळं लावलं जात होतं, म्हणजे पिवळ्या, तांबड्या, करड्या सगळ्या मिशा सारख्या दिसाव्यात. ते काळं लावायचं काम अर्खीपकडे होतं. सव्वातीच्या मिशीला लावताना त्याचा श्वास बोटांना लागला. तापाचा श्वास होता तो.

"डोकं गरगरतंय का?"

"वर बसलो की थांबेल."

नऊला मैदानात हजर राहण्याचा हुकूम होता. पथक साडेआठला उभं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. जनरलसाहेब शेजारच्या जमीनदाराच्या वाडीवर न्याहारी करत आहेत अशी बातमी आली. बारा वाजता न्याहारी अजून चालूच असल्याची बातमी आली. ऊन तापलं. चिलखतांना हात लावता येईना. विजारी वाळून आकसायला लागल्या; अर्खीपला ते दिसत नव्हतं, पण कळत होतं. ओलं कातडं आकसताना आतल्या मांसाकडे बघत नाही.

साडेबाराला सव्वातीच्या मांडीवर रुपयाएवढा पिवळा डाग उमटला.

तेरेन्ती पांक्रातिच घाईनं पाण्याच्या गाडीकडे आला. त्याच्या हातात खडूच्या भुकटीची पुरचुंडी होती, डाग झाकायची.

"काका, जा. पाणी पाजायच्या निमित्तानं तुला रांगेत जाता येतं. मारून ये थोडी."

"तो पू आहे, पांक्रातिच."

"पू असो नाहीतर लोणी असो, पिवळं दिसतंय ना? मार खडू."

अर्खीप गेला. त्यानं पुरचुंडी डागावर थापटली. पांढरी धूळ उडाली, डाग झाकला गेला. हातात नश्तर असायला हवं होतं आणि हातात खडू होता. एकच्या सुमारास डाग पुन्हा वर आला, आता तळहाताएवढा, कडेला तांबूस. तो पुन्हा गेला, पुन्हा थापटलं. खडू ओलसर होऊन त्याचा लगदा झाला, पिठासारखा, आणि तो त्याच्या बोटांना चिकटला. त्यानं बोटं कोटाला पुसली. कोटाला वास लागला. त्याला किळस आली, आणि एवढ्या लढायांत जे झालं नव्हतं ते इथं, निरभ्र आकाशाखाली, पक्षी ओरडत असताना व्हावं याची त्याला मनापासून शरम वाटली.

दोनला धूळ दिसली. "सावधान!" साठ छात्या एका रेषेत आल्या. जमादारानं अर्खीपकडे बघून डोळे वटारले आणि मांडीकडे खूण केली. तिसरा डाग हिरवट होता आणि खडूखालून ओघळत होता.

अर्खीप घोड्याच्या उजव्या अंगाला गेला. त्यानं मांडीवर तळवा ठेवला. कातडं नगाऱ्यासारखं ताणलं होतं आणि आतून उष्णता येत होती. त्यानं वर पाहिलं. काळ्या मिशीखाली सव्वातीचे ओठ खडूच्या रंगाचे होते. डोळे उघडे होते, पण बुबुळं हळूहळू वर चढत होती, आणि तेवढा मोठा देह, अंगावरच्या लोखंडासकट, अगदी किंचित डावीकडे कलायला लागला होता.

अर्खीपनं पुरचुंडी खाली टाकली. नश्तर त्याच्या बाहीत होतं, नेहमीप्रमाणे. डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं गळवाचा मधोमध शोधला आणि कातडं आणि त्याखालचं गळू एकाच घावात, बोटभर लांब, उघडं केलं.

जे आत होतं ते कोंडलेलंच होतं. ते त्याच्या मनगटावर, बाहीत, खोगिराखालच्या पांढऱ्या कापडावर उडालं आणि रिकिबीवरून बुटावर ओघळलं. घोड्यानं कान मागे टाकले, पण जागा सोडली नाही. वर सव्वातीनं श्वास घेतला, त्या दिवसातला पहिला पुरता श्वास, आणि चिलखत छातीवर उचललं गेलं. तो सरळ झाला. अर्खीप खाली वाकून घोड्याच्या मागे झाला.

जनरलसाहेब बारा पावलांवरून घोडा चालवत आले. ते साठीचे होते आणि डोळे बारीक करून दूरवर बघत होते: शिरस्त्राणांवरच्या काळ्या तुऱ्यांच्या रेषेकडे, थेट डाव्या टोकापर्यंत. त्यांनी एकाही मांडीकडे पाहिलं नाही. सव्वातीसमोरून जाताना त्यांनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला.

"घोड्यांना काय चारता, कप्तान?"

"ओट, महाराज. उत्तम ओट."

"वास येतोय. बदला ते." मग त्यांनी पुन्हा तुऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पण भिंत! अशी भिंत मी पाहिली नव्हती!"

ते पुढे गेले. सगळी पाहणी रांगेसमोरून घोडा चालवायला लागतो तेवढ्या वेळात संपली.

न्हाणीघरात अर्खीपनं विजार भिजवण्याच्या भानगडीत न पडता ती कमरेपासून घोट्यापर्यंत कापली. सव्वाती फळीवर पडला होता. तो कुरकुरला नाही; फक्त कातरीचा आवाज झाला की दचकत होता.

"काका, सरकारी आहे रे ती. फटके मिळतील."

"मला मिळतील. तू पड."

त्यानं जखम व्हिनेगरच्या पाण्यानं धुतली, आत कापडाची वात सोडली. खालच्या भागातला ताण उतरला होता. पण लाली उतरली नव्हती; ती आता जांघेकडे चढत होती. नुसत्या नजरेवर त्याचा विश्वास नव्हता. नजर आपल्याला हवं ते बघते. त्यानं मिशीच्या काळ्याची डबी घेतली, आणि लालीच्या कडेनं, जिथं गरम कातडी संपून साधी लागत होती तिथं, बोटानं एक रेघ ओढली. वेळ पाहिली: चार.

संध्याकाळी तेरेन्ती पांक्रातिच दारूचा पेला घेऊन आला. जनरलसाहेबांनी खूश होऊन माणशी एक पेला आणि पावशेर गोमांस दिलं होतं.

"घे रे, भिंतीच्या पहिल्या विटे! तुझा वाटा."

सव्वाती कोपरावर उठला. ताप अंगात धडधडत होता, तरी त्यानं पेला दोन्ही हातांत धरला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "जनरलसाहेबांना उदंड आयुष्य." त्यात कुठंही टोमणा नव्हता. तो मनापासून बोलत होता. अर्खीपनं तोंड फिरवलं. दिवसभर हाताला लागलेल्या पुवाची घाण साबणानं गेली होती; या बोलण्याची जाईना.

सकाळी सहाला लाली रेघेच्या दोन बोटं वर होती. त्यानं दुसरी रेघ ओढली.

कप्तान दहाला आला. दाराशीच उभा राहिला. रागावला नव्हता; अर्खीपला वाटलं, तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"कसा आहे आपला गडी?"

"त्याला आजच्या आज शहरातल्या इस्पितळात न्यायला हवं, हुजूर. आत आणखी साचलंय, वर जांघेकडे. ते माझ्या नश्तराच्या आवाक्यातलं नाही. डॉक्टरनं उघडलं तर पाय वाचेल."

"तीन दिवसांनी. जनरलसाहेब वाडीवर मासे धरायला थांबलेत. त्यांचा हुकूम आज सकाळी सगळ्या पलटणीत वाचला: 'तिसऱ्या पथकात एकही आजारी नाही, शिपायांची काळजी घ्यावी तर अशी.' नाव माझं आहे त्यात. दुसऱ्याच दिवशी माझा आजारी इस्पितळात गेला तर मी खोटारडा ठरतो, आणि माझ्यासोबत जनरलसाहेबही." त्यानं रुमाल घडी करून खिशात घातला. "कालच्या विजारीबद्दल मी तुला काही विचारलेलं नाही, लुझगिन. हे लक्षात ठेव. तू काही कापलं नाहीस, मी काही पाहिलं नाही. तीनच दिवस."

अर्खीपनं दोन्ही रेघांमधलं अंतर पाहिलं. चौदा तासांत दोन बोटं. वर जांघ तीन बोटांवर होती. त्यापुढे पोट. हिशेब सोपा होता.

"तीन दिवसांनी इस्पितळ लागणार नाही, हुजूर. पाद्री लागेल."

"मग पाद्री आणू," कप्तान म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्यानं जरा अस्वस्थ झाल्यासारखा, हातमोजे ओढत निघून गेला.

दुपारी अर्खीपनं पाण्याच्या गाडीवरचं पिंप उतरवलं आणि पेंढा पसरला. तेरेन्ती पांक्रातिच अंगण ओलांडून आला.

"कुठं चाललास?"

"शहरात."

"काका, डोकं फिरलंय का तुझं? मला विचारतील, जमादार कुठं होता! पुढच्या महिन्यात माझी पंचवीस वर्षं भरतायत. मी घरी जाणार आहे. घरी! मला माझ्या गावाचा रस्तासुद्धा आठवत नाही आता."

"मग तू तबेल्यात जा. तिथं एक घोडं लंगडतंय म्हणतात."

"कुठलं?"

"जाऊन शोध."

 जमादार सहा दातांमधून थुंकला, पाठ फिरवून तबेल्याकडे गेला. पण जाण्याआधी सव्वातीच्या पायांकडची बाजू त्यानंच उचलून दिली होती.

गाडीवर सव्वातीला रस्ता कळत होता. दोन कोसांवर त्यानं विचारलं, "न्हाणीघरातच का नाही ठेवलंस? सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

"मी आजारी नाही. हुकूम वाचला त्यांनी, मी ऐकला. मित्यानं दारातून सांगितला. एकही नाही म्हणे. माझ्यामुळे कप्तानसाहेबांचं नाव जाईल. परत फिर, काका."

"गप्प पड."

"तू कोण रे? साधा मलमपट्टीवाला! परत फिर, म्हणतो ना!"

जमीनदाराच्या वाडीवरून रस्ता जात होता. तळ्याकाठी गालिचे अंथरले होते, कुणीतरी हसत होतं, तळलेल्या माशांचा वास येत होता. दोन तरुण अधिकाऱ्यांनी मान वर करून गाडीकडे पाहिलं आणि नाकं मुरडली. गाडी कुणी अडवली नाही.

इस्पितळाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं बंदूक आडवी धरली.

"कुठलं पथक?"

"तिसरं."

"तिसऱ्यात आजारी नाहीत. सकाळी हुकूम वाचला."

"मग हा काय आहे?"

पहारेकरी वाकला आणि लगेच मागे सरला. "देवा! जिवंत आहे का?"

"म्हणून तर आणला. मेलेला तुझ्याकडे कशाला आणू?"

डॉक्टर कुर्द्यूमोव तिरसट आणि म्हातारा होता. त्यानं पांघरूण बाजूला केलं, आणि त्याची नजर जखमेआधी रेघांवर गेली. आता त्या तीन होत्या.

"या कुणी ओढल्या?"

"मी. काल चारला, आज सहाला, आज दोनला."

"कशानं?"

"मिशीच्या काळ्यानं."

डॉक्टरनं तिन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "म्हणजे ते काहीतरी कामाला येतं तर." मग त्यानं बाह्या सरसावल्या. "धर त्याला. नाव सांग, वही आण रे कुणीतरी."

"नाव लिहिलंत तर हुकूम खोटा ठरेल, साहेब."

"मला वाचता येतं, फेल्डशर. नाव?"

जांघेखाली आणि मांडीच्या मागे असे दोन नवे छेद द्यावे लागले. दुसऱ्यातून पेलाभर निघालं. या वेळी सव्वाती ओरडला, आणि ज्याच्या नावानं ओरडला तो डॉक्टर नव्हता, कप्तान नव्हता. तो अर्खीप होता. तिसऱ्या दिवशी लाली वरच्या रेघेपाशी थांबली. पाचव्या दिवशी ती उतरली. पाय राहिला. पण मांडीतला स्नायू इतका गेला होता की गुडघा पुन्हा घोड्याला घट्ट लागणार नव्हता.

नवव्या दिवशी कागद आले. सव्वातीची बदली पंगू शिपायांच्या तुकडीत, गोदामावर पहारा देण्यासाठी. अर्खीपची ओरेनबुर्गच्या पुढच्या एका किल्ल्यात, दूर पूर्वेला, स्तेपच्या ओसाड गवताळ माळाच्या कडेला. कारण लिहिलं नव्हतं. कप्तान श्टेबेलला मेजर केल्याचा कागदही त्याच टपालानं आला होता. हुकूम खोटा ठरला नव्हता. इस्पितळाच्या वहीतलं ते पान कुणी वाचलं नाही, एवढंच.

निघायच्या दिवशी अर्खीप शेवटची पट्टी बदलायला गेला. सव्वाती भिंतीकडे तोंड करून पडला होता. इतक्या दिवसांत तो त्याच्याशी बोलला नव्हता. मिशीचं काळं धुऊन गेलं होतं. खाली मिशी गव्हाळ आणि अर्धी पांढरी निघाली होती, आणि तिच्यामुळे तो एकदम कुणीतरी दुसराच वाटत होता, कुठल्याही खेड्यातला, कुठलाही.

अर्खीपनं वात काढली. पू घट्ट होता, थोडा होता, त्याला वास नव्हता. त्यानं नवी पट्टी बांधली आणि गाठ मारली.

"उद्यापासून दुसरा कुणी बांधेल. पाय रोज हलवत जा. आखडू देऊ नकोस."

सव्वाती भिंतीकडेच बघत म्हणाला, "हा पाय तुला हवा होता ना? घेऊन जा."

 पांघरूण खाली ओढताना अर्खीपनं पावलाला हात लावून पाहिला. पाऊल गरम होतं, घोट्यामागची नाडी नीट लागत होती, आणि बोटं त्याचा हात लागताच आत वळली. त्यानं पांघरूण सारखं केलं, नश्तर पुसून बाहीत सरकवलं आणि तो गाडीकडे निघाला.